पाण्यातलं घर रिकामं करताना



आमच्याकडे येणारी प्रत्येक जण हल्ली बसायच्या आधी दिवाणखान्यातल्या त्या भिंतीकडे बघते आणि हळूच विचारते, "मासे गेले का हो?" मेले का, असं तोंडावर विचारायला नको म्हणून 'गेले'. तर सांगते. मासे मेले नाहीत. जो एक जीव गेला तो मासा नव्हता, आणि तो माझ्या हातून गेला. त्याचंही पुढे सांगणार आहे, लपवायचं नाही.

ज्यांनी पाहिला नव्हता त्यांच्यासाठी सांगते, तो साधा फिश टँक नव्हता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलाने उभारलेला खाऱ्या पाण्याचा टँक. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत समुद्रातले भोकाभोकांचे दगड, वाळू आणि दगडांवर हलणारी मऊ प्रवाळं. मी वर्षभर त्यांना झाडंच समजत होते. सकाळी वरचा दिवा लागला की फुलांसारखी उमलायची. मग एकदा मुलगा म्हणाला, "आई, ही झाडं नाहीत, प्राणी आहेत. एकेक फूल म्हणजे एकेक तोंड." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणजे मासे तीनच, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी आणि एक निळा डॅमसेल. पण लाल पट्ट्याची कोळंबी, शंखात राहणारे खेकडे, गोगलगायी आणि त्या दगडांच्या भोकांत राहणारं जे काही होतं, त्याची मोजदादच नव्हती.

तुम्ही म्हणाल, जैनाच्या घरात हे आलंच कसं? मीही तेच म्हणत होते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ केलेत. पहिला 'बंध', जीवाला बांधून कोंडून ठेवणं. शेवटचा 'अन्नपाननिरोध', त्याचं खाणंपिणं तोडणं. टँक ठेवला की पहिला, आणि दुर्लक्ष केलं की शेवटचा. शिवाय त्यांचं खाणं म्हणजे गोठवलेल्या बारीक कोळंब्यांची पाकिटं. ती माझ्या फ्रिजमध्ये येणार नाहीत म्हणून मी अडून बसले, तेव्हा गॅलरीत एक छोटा फ्रिज आला. फ्रिज वेगळा केल्याने पाप वेगळं होत नाही हे मलाही कळत होतं. पण मुलाचं मन मोडवलं नाही.

२०२३ मध्ये मुलगा कॅनडाला गेला आणि टँक ह्यांच्याकडे आला. ह्यांची सगळी नोकरी इथल्याच एमआयडीसीत, रसायनांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये. पाणी तपासणं म्हणजे हातचा मळ. रोज सहा वाजता उठून रिफ्रॅक्टोमीटरमधून खारटपणा बघायचे, १.०२५ आला की मगच चहा. हिशेबाची वही माझ्याकडे, मी बी.कॉम. ना! दिवे, पंप, पाणी थंड ठेवणारा चिलर मिळून महिन्याला दोनशेवर युनिटं. दर आठवड्याला वीस-पंचवीस लिटर आर.ओ.चं पाणी, आणि ते करताना त्याहून जास्त पाणी मोरीत. आपण अप्कायिक जीवांसाठी वाटीभर पाणी सांडलं तरी हळहळतो, आणि इकडे हे.

मागच्या वर्षी ह्यांना दोन स्टेंट घातले. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. एका संध्याकाळी वीस लिटरच्या कॅनपुढे उभे राहून हे म्हणाले, "आता बास. मला झेपत नाही." मला वाटलं होतं, मी सुटकेचा श्वास टाकेन. पण ह्यांचा चेहरा बघून टाकता आला नाही.

आणि बास म्हणून बास होत नाही. बटण बंद केलं तर काही तासांत पाण्यातला प्राणवायू संपत जातो. क्लाउनफिश टँकमध्ये नीट सांभाळली तर वीस वर्षंही जगते. मी सहासष्ट वर्षांची. वहीत हा हिशेब मांडला तेव्हा मीच जरा हबकले.

माझ्या मनात आधी आलं ते अगदी आपल्या संस्कारातलं. समुद्राचे जीव समुद्रात सोडू, जीवदान होईल. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, एवढ्या लांब कशाला, शिवमंदिरापाशी वालधुनीत सोडा, पुण्यही लागेल. वालधुनी गोडी, आणि तिच्यात काय काय वाहतं ते आपल्याला माहीत आहे. खारे मासे मिनिटांत मेले असते. मी मात्र अलिबागला जायचं ठरवून गाडीवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं.

अडवलं ते माहेरच्या फोनने. माझं माहेर करमाळा तालुक्यात, उजनीचं पाणी जिथपर्यंत येतं तिथलं. दादा सांगत होता, उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात हल्ली सकर मासा फार येतो. काटेरी, खरबरीत, कुणी खात नाही, विकला जात नाही, जाळी फाडतो. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. टँकची काच साफ करतो म्हणून घरोघरी आणलेला, आणि मोठा झाला की कुणीतरी दयेने नदीत सोडलेला. दादा सहज बोलत होता. मी फोन धरून गप्प.

मग आजी आठवली. आमच्या वाड्यातल्या विहिरीवर ती दुहेरी फडक्याने पाणी गाळायची. फडक्यावर राहिलेली जिवाणी गाळलेल्या पाण्याने भांड्यात उतरवायची आणि तळाला कडी असलेल्या कळशीतून हळूहळू खाली सोडायची. कळशी पाण्याला टेकली की दोरीला हिसका देऊन कलती करायची, म्हणजे जीव उंचावरून आपटायला नकोत. आणि जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत. एकदा मी आळस करून वाड्यातल्या विहिरीची जिवाणी मळ्यातल्या विहिरीत ओतली, तर आजीने पाठीत धपाटा घातला होता. "अगं, ते पाणी त्यांचं नाही. तिथं ती मरतील, नाहीतर तिथल्यांना मारतील."

आमच्या टँकमधले जीव कुठल्या विहिरीचे? प्रवाळं दूरच्या समुद्रांतली, क्लाउनफिशची जोडी तर टँकमध्येच जन्मलेली, समुद्र कधी न पाहिलेली. अलिबागच्या गढूळ पाण्यात ती जगली नसती. आणि यातलं काही जगलं, रुजलं, तर दुसरंच संकट. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात आपल्या बाजूच्या समुद्रातले लायनफिश दिसू लागले, बहुधा लोकांनी टँकमधून सोडलेले. आज ते कॅरिबियन समुद्रभर पसरून तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतात. असलं पुण्य कुणाच्या खात्यावर जमा करायचं? गाडीवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

म्हणजे त्यांची विहीर म्हणजे दुसरा तसाच टँक. चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय, १९५१ चं, मुलांना दाखवायला नेलेलं. तिथे विचारावं म्हटलं तर ते बंद होतं. एक दुकानदार सगळं उचलायला तयार झाला, पण त्याच्याकडची गर्दी बघून मीच परत आले. शेवटी मुलाच्या ओळखीतून डोंबिवलीचा एक तरुण मिळाला. सहा फुटी टँक, चार वर्षं नीट चाललेला. आम्ही दोघं आधी जाऊन बघून आलो, अगदी मुलीसाठी स्थळ बघायला जातात तसं. पैसे घ्यायचे नाहीत हे माझं ठरलेलं. जिवांचे पैसे वहीत लिहिता आले नसते.

त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, दगडी प्रवाळ आहे का?" आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्री घोडाही तसाच. मुंबईत कोस्टल रोडच्या वाटेत वरळी-हाजीअलीला प्रवाळं आली, तेव्हा २०२० मध्ये परवानगी काढून, समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ती हलवावी लागली. मुलाला हे माहीत होतं, म्हणून आमच्याकडे फक्त मऊ जातीची होती. तुमच्या कुणाच्या घरी नातवंडांनी टँक मांडला असेल, तर हे आधी विचारून घ्या.

काम जानेवारीत केलं, ऊन नसताना. सगळं एकदम न्यायला तो तयार नव्हता. एकाच दिवशी इतके जीव वाढले तर त्याच्या पाण्यात अमोनिया चढून नवे-जुने दोन्ही जातील. म्हणून पहिल्या खेपेला प्रवाळं, गोगलगायी आणि थोडे दगड. वरचा दिवाही सोबत दिला, त्यांचा सूर्य तोच. मासे दोन आठवड्यांनी. नेण्याच्या आदल्या दिवशी माशांना खायला द्यायचं नाही, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. मला लगेच पाचवा अतिचार आठवला. हे म्हणाले, "मला नाही का ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलं?"

सकाळी आधी टँकचं वरचं स्वच्छ पाणी कोऱ्या बादल्यांत काढून घेतलं. कोऱ्याच हव्यात, साबण-फिनाइल कधीच न लागलेल्या. मग दगड त्या पाण्यात बुडवून ठेवले. दगड निघाल्याशिवाय मासे धरायच्या मागे लागायचं नाही, धडपडून जखमी होतात. लपायला जागा उरली नाही की दोन मिनिटांत जाळीत येतात. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात. अंधारात ते शांत राहतात. तिकडे गेल्यावर त्याने त्याच्या टँकचं पाणी थेंबथेंब करून तासभर बादलीत सोडलं, मग मासे आत घेतले. हे पूर्ण वेळ तिथे स्टुलावर बसून होते.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आपण बायका हेच करू. दोन दगडांवर बटणांएवढी प्रवाळं राहिली होती. कामवाली मावशी म्हणाली, उकळतं पाणी ओता, चकाचक निघेल. चुकूनही नाही! जिवंत प्राणी उकळायचा ही हिंसा तर आहेच, पण त्या बटणांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असू शकतं, आणि उकळलं की ते वाफेबरोबर नाकात जातं. परदेशात असे दगड उकळून घरंच्या घरं दवाखान्यात गेली आहेत. ब्रशने खरवडायचंही नाही, हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावायचा नाही. तेही दोन्ही दगड ओलेच डोंबिवलीला गेले.

उरलं पाणी आणि वाळू. वहीत मांडलं: अडीचशे लिटर, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे पावणेनऊ किलो मीठ. वॉचमन म्हणाला, बागेत ओता. बाग जळाली असती. पावसाच्या गटारात ओतलं तर ते थेट वालधुनीला. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर कुणीतरी वालधुनीत रसायन सोडलं आणि उल्हासनगरला शेकडो लोकांचा श्वास कोंडला, ते आपण विसरलो नाही. मिठाचं पाणी काही रसायन नव्हे, पण ओतणाऱ्याचं मन तेच. आम्ही दहा दिवस, रोज बादली-बादली, भरपूर गोड्या पाण्याबरोबर संडासात सोडलं.

वाळू मासे गेल्यावर शेवटी काढायची. खालचा थर काळा निघाला, सडक्या अंड्याचा वास. ह्यांनी लगेच खिडक्या उघडल्या, "हायड्रोजन सल्फाइड," म्हणाले, आणि मला बाहेर काढलं. मासे असताना ही ढवळली असती तर मेले असते. नंतर मी एकेक तांब्या वाळू खाऱ्या पाण्यातच चाळून बघत होते, आणि जे हलेल ते डोंबिवलीच्या डब्यात टाकत होते. किडे, बारीक गोगलगायी. संध्याकाळी सात वाजेपर्यंत. शेवटची अर्धी बादली राहिली होती, कंबर मोडली होती, खारं पाणी संपलं होतं. म्हटलं, यात काय असणार, आणि नळ सोडला. तळाशी पाच बारीक केसाळ पायांचा एक जीव निघाला, तारामाशाचा भाऊबंद. गोड्या पाण्यात त्याचे पाय आखडून गोळा झाले होते. खाऱ्या पाण्यात टाकून रात्रभर बघितलं. सकाळी तसाच.

तो टँकमध्ये होता हेच आम्हाला सहा वर्षांत माहीत नव्हतं. त्या दिवशी एकासन केलं, भगवंतापुढे आलोचना केली. यंदा क्षमावाणीला सगळ्यांना फोन करताना मधेच त्या बादलीची आठवण येत होती.

हे अजून सहाला उठतात. डोंबिवलीचा मुलगा रोज खारटपणाचा आकडा पाठवतो, तो बघून चहा घेतात. परवा त्याचा फोन आला की क्लाउनफिशच्या जोडीने दगडावर अंडी घातलीत. ह्यांना इतका आनंद झाला की मला हाक मारताना आवाज फुटेना. मी आले, फोटो बघितला, नारिंगी ठिपके. छान म्हटलं, आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. त्याला सांगावं का, पिल्लं जगली तर विकू नकोस म्हणून? अजून सांगितलेलं नाही.