बाई एकट्याच फ्रान्सला जाणार आहेत

ज्येष्ठ मंडळी प्रवासाविषयी विचारावयास दवाखान्यात येतात, तेव्हा प्रश्न बहुधा त्यांचा नसतो. तो सोबत आलेल्या मुलाचा किंवा सुनेचा असतो. ‘आईला काशीला नेऊ का?’, ‘बाबांना अमेरिकेचे विमान झेपेल का?’ नेणारा बोलतो आणि जाणारा ऐकत बसतो. म्हणूनच गेल्या दिवाळीनंतर आमच्या भूगोलाच्या बाई एकट्याच आल्या आणि ‘एप्रिलमध्ये मी फ्रान्सला जाते आहे. तीन आठवडे, आगगाडीने, एकटी. काय तपासायचे ते तपास,’ असे म्हणाल्या, तेव्हा मी लेखणी खाली ठेवली.

बाईंचे वय एकोणसत्तर. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी मला शिकविले, त्यामुळे मी पंचावन्नाचा झालो तरी त्यांच्या लेखी ‘अरे’च आहे. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. यजमानांना पक्षाघात झाल्यावर सहा वर्षे त्यांनी अंथरुणाची सेवा केली. त्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. इतकी दीर्घ शुश्रूषा केलेली माणसे ती संपल्यावर आजारी पडतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. दिवसाला आकार देणारे कामच निघून गेलेले असते. बाईंनी त्या रिकाम्या जागी रेल्वेचे वेळापत्रक आणून ठेवले, याचे मला वैद्य म्हणून समाधानच वाटले. (हे सारे त्यांच्या संमतीने लिहीत आहे.)

फ्रान्सच का? वर्गात स्थानिक वारे शिकविताना त्या फळ्यावर ऱ्होन नदीचे खोरे काढीत आणि उत्तरेकडून उतरणारा थंड, कोरडा मिस्ट्रल वारा बाणांनी दाखवीत. तीस वर्षे शिकविलेला वारा एकदा अंगावर घ्यायचा आहे. हा वारा हिवाळ्यात आणि वसंतात विशेष जोराने वाहतो, म्हणून एप्रिल.

चार दिवसांनी बंगळुरूहून त्यांच्या चिरंजीवांचा दूरध्वनी आला. ‘डॉक्टर, तुम्ही अनफिट म्हणून लिहून द्या. तुमचे ती ऐकेल.’ त्यांची काळजी खोटी नव्हती. वडिलांच्या आजारपणात ते लांब होते, ती टोचणी शब्दाशब्दांत होती. पण जे तपासणीत आढळलेले नाही ते मी कसे लिहावे? प्रवासी कंपनीबरोबर जाऊ दे, असेही ते म्हणाले. मला मात्र त्या सहली उतारवयात अधिक दमविणाऱ्या वाटतात: पहाटे सहाला बॅग दाराबाहेर, रोज नवे गाव, लघवीला थांबायचे तरी सहलप्रमुखाची परवानगी.

तपासणी मी कसून केली. विद्युत्‌हृदयालेख, मूत्रपिंडे, डोळ्यांचा पडदा, पायांच्या तळव्यांची संवेदना, तीन महिन्यांची सरासरी साखर. अजिंक्यताऱ्याच्या चढावर त्या रोज चालतात. छातीत दुखत नाही, धाप लागत नाही. अलीकडे झटका आला असता, वारंवार पडणे असते किंवा विस्मरण सुरू झाले असते, तर मी नक्कीच अडविले असते. पण एकट्याने सार्वजनिक वाहनांतून हिंडणाऱ्याची खरी परीक्षा वेगळीच असते. मी विचारले, ‘बाई, तुम्ही लियाँच्या स्थानकावर उभ्या आहात आणि संपामुळे गाडी रद्द झाली. आता?’ त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, तेथे संपाच्या दिवशी कोणत्या गाड्या धावणार हे आदल्या संध्याकाळी जाहीर होते, ते पाहीन; नसेलच तर त्याच हॉटेलात आणखी एक रात्र मागेन; तेवढे पैसे वेगळे ठेवले आहेत. ठरलेला बेत मोडल्यावर शांतपणे दुसरा बेत जुळविता येतो की नाही, हे रक्ताच्या कोणत्याही तपासणीत दिसत नाही. बाई त्यात उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या.

मग आम्ही नकाशा पसरला. गावे तीनच: पॅरिस, लियाँ, आव्हिन्याँ. प्रत्येक ठिकाणी पाच-सहा रात्री आणि परतीच्या आधी पुन्हा पॅरिस. मुंबईहून विमानाचा प्रवास नऊ-दहा तासांचा. तो संपवून त्याच दिवशी आरक्षित गाडी धरू नये, असे मी बजावले. विमान उशिरा आले की तिकीटही जाते आणि धीरही. विमानतळावरून पॅरिस शहरात येणाऱ्या टॅक्सीचे भाडे शासनाने ठरवून दिलेले आहे, म्हणून पहिल्या दिवशी टॅक्सीच करावी. सार्वजनिक वाहतुकीचे व्रत दुसऱ्या दिवसापासून! पॅरिसच्या भुयारी रेल्वेत जिने फार आहेत. चौदा क्रमांकाच्या मार्गावर सर्वत्र उद्वाहक आहेत. एरवी गुडघ्यासाठी बस बरी. तिचा तळ जमिनीलगत असतो आणि खिडकीतून शहरही दिसते.

पॅरिस ते लियाँ वेगवान गाडी सुमारे दोन तासांत नेते. तिचे तिकीट जितके आधी काढावे तितके बहुधा स्वस्त. डबे बहुधा दुमजली असतात, म्हणून आरक्षण करतानाच खालचा मजला मागावा. फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्यापूर्वी साधारण वीस मिनिटे फलकावर उमटतो आणि मग गर्दी एकदम धावते; आपण धावू नये. हातात क्रमांकित आसन असताना धावण्याचे कारणच नाही. लियाँहून आव्हिन्याँला वेगवान गाडी तासाभरात जाते, पण ती गावाबाहेरच्या स्थानकावर उतरविते. साधी प्रादेशिक गाडी अडीच तासांच्या आसपास वेळ घेते, तिला आरक्षण लागत नाही आणि ती जुन्या तटबंदीसमोर आणून सोडते. शिवाय ती ऱ्होनच्या खोऱ्यातूनच जाते. बाईंनी अर्थात हीच निवडली.

मला खरी चिंता होती ती जेवणाची. फ्रान्समधील बहुतेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी दोन-अडीचला बंद होतात आणि रात्रीचे जेवण सातच्या आत सहसा मिळत नाही. बाई ग्लिमेपिराइड घेत होत्या. गोळी पोटात आणि जेवण लांबलेले, अशा स्थितीत साखर घसरते. माणूस घामाघूम होतो, गोंधळतो आणि एकटा असेल तर मदतही मागू शकत नाही. म्हणून जानेवारीतच मी ती गोळी बंद करून सिटाग्लिप्टिन सुरू केली, कारण तिने साखर एकाएकी घसरण्याचा धोका पुष्कळ कमी असतो. औषध बदलायचे तर ते असे दोन-तीन महिने आधी, घरच्या देखरेखीत. निघण्याच्या आठवड्यात कोणाच्याही सांगण्यावरून गोळी बदलू नये, ही माझी आपणा सर्वांना विनंती आहे.

प्रवासात बाथरूमच्या भीतीने पाणी न पिणे ही आपल्या ज्येष्ठांची जुनी खोड. तिच्यामुळे चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांत शौचालय असते. स्थानकांवर काही ठिकाणी पैसे पडतात, तेव्हा सुटी नाणी खिशात असू द्यावीत. खिशातच साखरेच्या पुड्याही. बॅगेतल्या साखरेचा उपयोग नाही. दम्याच्या रुग्णांसाठी एक वेगळी सूचना: मिस्ट्रल अडविण्यासाठी त्या प्रदेशात सायप्रस वृक्षांच्या रांगा लावलेल्या आहेत आणि त्यांचा पराग वसंताच्या आरंभापर्यंत हवेत असतो. श्वासाचा पंप हाताशी हवाच.

व्हिसासाठी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आधीपासूनचे आजार त्यात समाविष्ट आहेत का, हे वाचून घ्यावे आणि मधुमेह लपवू नये. तातडीच्या वैद्यकीय मदतीचा क्रमांक १५, सर्व युरोपात चालणारा ११२. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. औषधे मूळ नावांनिशी लिहिलेले पत्र मी इंग्रजीत दिले आहे आणि त्याचा फ्रेंच अनुवाद बाईंनी स्वतः करून घेतला आहे. १ मे रोजी तेथेही सुट्टी असते आणि अनेक शहरांतील बस, ट्राम बंद राहतात. त्या दिवशी बाई आव्हिन्याँतच पायी हिंडणार आहेत. ‘महाराष्ट्र दिन साजरा करीन,’ म्हणाल्या.

चिरंजीवांशी तह झाला तो असा. रोज तेथील सकाळी आठ वाजता, म्हणजे आपल्याकडील साडेअकराला, बाई संदेश पाठवतील. तासाभरात आला नाही, तर ते हॉटेलला दूरध्वनी करतील, त्याआधी नाही. दिवसातून पाच वेळा ‘कुठे आहेस’ असे विचारायचे नाही, ही अट बाईंची. ती मान्य करताना चिरंजीव जरा गप्प झाले; मग त्यांनी हॉटेलांचे क्रमांक मागून घेतले.

पुढच्या रविवारी रंगीत तालीम आहे. तीच चाकांची बॅग घेऊन बाई एकट्या एस.टी.ने कोल्हापूरला जातील, एक रात्र लॉजवर राहतील आणि परततील. बॅग स्वतः उचलून वर ठेवता आली पाहिजे, म्हणून मी पाच किलोंची मर्यादा घातली होती. काल दवाखान्यातील काट्यावर ती साडेसात भरली. नकाशांची दोन जाडजूड पुस्तके बाई काढायला तयार नाहीत.