कामाचा गडी

आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं १८६७ साली. नायट्रोग्लिसरीन हा भलता तापट द्रव. नोबेलचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता. ते सच्छिद्र मातीत मुरवलं आणि डायनामाइट जन्माला आला. कागदात गुंडाळलेला, थंड डोक्याचा, सांगितल्याशिवाय न उडणारा. खाणी खोदायच्या, बोगदे पाडायचे, एवढंच त्याचं काम. खोड एकच: शेजारी बसणाऱ्याचं डोकं ठणकवतो.

स्तेपान खाल्तुरिनने ते भोगलं. सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात सुतार म्हणून शिरलेला हा क्रांतिकारक थोडं थोडं डायनामाइट आत आणून उशाखाली दडवी आणि कपाळ धरून झोपे. फेब्रुवारी १८८० मध्ये स्फोट झाला. झारला जेवायला उशीर झाला म्हणून तो वाचला. मेले पहाऱ्यावरचे ११ शिपाई.

मालक बदलत गेले. कुणाला राजा नको होता, आयरिशांना परका राजा नको होता, पॅरिसच्या अराजकवाद्यांना राज्यच नको होतं. गडी सगळ्यांकडे सारख्याच इमानाने राबला.

१९०५ साली मॉस्कोत इव्हान कल्यायेव बॉम्ब घेऊन ग्रँड ड्यूक सर्गेईच्या बग्गीपुढे धावला. आत ड्यूकची बायको आणि भावाची पोरं दिसली, तसा हात खाली आला. दोन दिवसांनी ड्यूक एकटा सापडला. एकटा म्हणजे गाडीवान सोडून. तोही गेला, पण त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही. समोर माणूस दिसला की हात अडखळतो म्हणावं, तर त्याआधी ११ वर्षं एमिल आंरीने पॅरिसच्या कॅफे तर्मिन्यूसमध्ये बसून बिअर घेतली, आजूबाजूचे चेहरे पाहिले आणि तरीही बॉम्ब फेकला.

रशियनांची ही विद्या पॅरिसमध्ये शिकले पारनेरचे पांडुरंग महादेव बापट आणि बंगालचे हेमचंद्र कानूनगो. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपुरात खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांना बग्गी न्यायाधीश किंग्जफर्डची वाटली आणि बॉम्ब पडला. आत होत्या केनेडी मायलेकी. या बॉम्बवर ‘केसरी’त लिहिलं म्हणून टिळकांना सहा वर्षं मंडाले. खुदीराम-प्रफुल्लना दहशतवादी म्हणायला जीभ रेटत नाही, माझीही नाही. त्या मायलेकींपुढे मात्र हा युक्तिवाद कसा मांडावा, कळत नाही.

पुढे धाकटी पाती आली. १२ मार्च १९९३ ला मुंबईत आरडीएक्स होतं, आणि सोबत पेन्सिलीएवढा टायमर. शेअर बाजार, एअर इंडिया, प्लाझा, २५७ माणसं. कारण दिलं गेलं बाबरीच्या आणि दंगलींच्या सुडाचं. कल्यायेवला निदान बग्गीत डोकवावं लागलं होतं. इथे गाडी लावून निघून जाणाऱ्याला तेवढीही तसदी पडली नाही.