फूलबागेतील एक सकाळ

माधवराव शिंद्यांच्या काळातील ग्वाल्हेरच्या फूलबागेत गोपाळमंदिर, मशीद व गुरुद्वारा एकमेकांच्या सान्निध्यात आहेत. जवळच १८५८ साली धारातीर्थी पडलेल्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी.

बालवर्गातला पहिला आठवडा संपवून आलेल्या नातीसह तेथे गेलो. रांगेत उभे राहणे, डबा वाटून खाणे, पाळीची वाट पाहणे एवढे ती सहा दिवसांत शिकली होती. पण माकडाला पाहून “बंदर!” म्हणाली, तेव्हा मन किंचित खिन्न झाले.

समाधीपाशी तिने विचारले, “आजोबा, राणी कसं बोलायची?”

“घरी मराठी, बाहेर हिंदी.”

“म्हणजे माझ्यासारखंच!”

हिंदी तिला शाळा देईल. मराठी देणे मात्र आपल्या घराचेच काम. त्या रात्रीपासून गोष्ट मराठीतच सांगू लागलो.