शब्दावरची उधारी

लेखी करार मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याची धारणा होती. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून आयकराचे कलम ४३बी (एच) लागू झाले. सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे देणे करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, नसल्यास अवघ्या १५ दिवसांत चुकवायचे. मुदत उलटून ३१ मार्चला थकलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरायची नाही. म्हणजे शब्दावरच्या उधारीलाच मुदत कमी!

शेठजींनी कर किती वाढेल तेवढे विचारले. मुनीमजींनी थकबाकीची यादी पुढे ठेवली. कामगारांचा आठवड्याचा पगार व्याजाने पैसे काढून भागवणारा एक यंत्रमागधारक तीत होता.

“त्याने कधी तगादा लावला नाही.”

“लावला असता, तर आपण पुढचे कापड दुसऱ्याकडून घेतले असते.”

शेठजींनी चेकबुक मागवले.