न पाहिलेल्या बेटाची वाट

मी मॉरिशसला गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर संपादक मंडळातील आमचे मित्र हा लेख ‘प्रवासवर्णन’ या सदरात टाकतील आणि ‘विमानभाडे कोणी दिले?’ या प्रश्नाला उत्तरे देता देता माझी पुरेवाट होईल. यवतमाळच्या मुलाला समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. पाण्याचे रौद्र रूप पाहायचे तर आम्ही पावसाळ्यात सहस्रकुंडाला जातो. पैनगंगा तिथे काळ्या खडकांवरून अशी काही कोसळते की, शेजारी उभ्या मित्राशीही ओरडून बोलावे लागते. आमच्या वर्गाची सहल गेली तेव्हा कड्याच्या किती जवळ कोण जातो यावरून पैजा लागल्या होत्या आणि सरांनी सगळ्यांना एका झाडाखाली गोळा करून बसवले होते. आमचे साहस तेवढ्यावरच आटोपले.

तर झाले असे की, एका प्रवासी कचेरीतली गुळगुळीत रंगीत पत्रिका माझ्या हाती पडली. ‘साहसप्रेमींचे नंदनवन’ असा मथळा आणि खाली हिंदी महासागरातल्या या बेटाची छायाचित्रे. डोक्यावर काचेचे शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळावर चालायचे. तारेला लोंबकळून दरी ओलांडायची. तामारँ नदीच्या सात धबधब्यांवरून दोराने खाली उतरायचे. वाऱ्यावर पतंग सोडून त्याच्या ओढीने लाटांवर धावायचे. वाचता वाचता माझे पाय जमिनीवर राहिनात. वाचनालयात जाऊन पुस्तके काढली, नकाशे चाळले आणि महिनाभर मनाने तिकडेच राहिलो.

पहिला धक्का आकाराचा. तो सारा देश सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचा आणि आपला यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजारांहून मोठा! आमच्या जिल्ह्यात सहा मॉरिशस आरामात मावतील आणि वर पुसद तालुक्याला पुरेल इतकी जागा शिल्लक राहील. एवढ्याशा भूमीवर डोंगर, दऱ्या, अरण्य, सरोवरे आणि भोवताली प्रवाळाची तटबंदी. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. पीटर बोथ नावाचा एक सुळका आहे, त्याच्या माथ्यावर एक गोल धोंडा डोके ठेवल्यासारखा बसलेला आहे. तो आता पडेल की मग पडेल असे छायाचित्रात पाहूनही वाटते.

दुसरी गोष्ट कळली ती तर चकित करणारी होती. भूशास्त्रज्ञ सांगतात की, पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थानातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उसळून आपले दख्खनचे पठार बनले, त्याच स्थानातून पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस बेट वर आले. आपली भूमी मधल्या काळात उत्तरेकडे सरकत आली, ते स्थान मागेच राहिले. मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटावर त्याची भट्टी अजून पेटलेली आहे. म्हणजे ज्या काळ्या मातीत आमचा कापूस होतो ती, सहस्रकुंडाचा खडक आणि त्या बेटावरचे सुळके यांचे मूळ घराणे एकच! भूगोलाच्या तासाला हे कोणी असे सांगितले असते तर मी मागच्या बाकावर बसलो नसतो.

तेथील ल पूस हा डोंगर प्रवाशांच्या विशेष आवडीचा. नावाचा अर्थ अंगठा. ८१२ मीटर उंच, दोन-तीन तासांत चढून उतरता येतो, वरून पोर्ट लुई बंदर दिसते. १८३६ च्या मे महिन्यात चार्ल्स डार्विन हा डोंगर चढला होता. त्याचे ‘बीगल’ जहाज परतीच्या वाटेवर तिथे थांबले होते. त्याच मुक्कामात त्याने हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठवलेले कैदी पाहिले आणि ते सार्वजनिक बांधकामांवर राबत असल्याचे टिपून ठेवले. बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून हे कैदी तिथे नेले जात. बेटावरचे कितीतरी रस्ते त्यांच्या हातचे आहेत. पत्रिकेत ‘निसर्गरम्य वळणांचा रस्ता’ असे लिहिले होते. वळणे निसर्गाने दिली असतील; दगड कोणी फोडले ते मात्र लिहिलेले नव्हते.

इथून माझी पत्रिकेशी बोलाचाली सुरू झाली.

नैऋत्य टोकाला समुद्रात शिरलेला ल मॉर्न हा ५५६ मीटरचा डोंगर म्हणजे त्या पत्रिकेचा मुकुटमणी. खालची वाट रुंद आणि सोपी; वर मात्र सरळ कातळ, हातपाय दोन्ही टेकत चढावे लागते. ‘धाडस असेल तरच या’ असे आवाहन होते. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी लोक त्या कातळावर चढत ते धाडस अजमावायला नव्हे. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथल्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. तिथली आख्यायिका अशी सांगते की, ही वार्ता द्यायला शिपायांची तुकडी डोंगराकडे आली. वरच्यांना वाटले, पकडायलाच आले. आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. आख्यायिकेचा पुरावा मागू नये. पण ज्यांना सुटकेची बातमीही धरपकडीसारखी दिसावी त्यांचे आयुष्य कसे असेल, हे कळायला तीच पुरे. २००८ साली हा डोंगर युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंदला गेला. आता त्याच्या पायथ्याशी पतंगाच्या ओढीने लाटांवर धावणारे जमतात. त्यांच्या आनंदाला मी नावे ठेवत नाही. संधी मिळाली तर मीही धावेन, पडेनही.

गुलाम सुटले, पण ऊस कोण तोडणार? २ नोव्हेंबर १८३४ रोजीच ‘ॲटलास’ जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले होते. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांवर माणसे अशी उतरली. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबईसुद्धा. मुंबईच्या जहाजांतून रत्नागिरी-सातारा भागातली मराठी माणसे गेली. पाच वर्षांचा करार, सुरुवातीच्या काळात पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. बंदरावरच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून ती बेटावर पाऊल टाकीत. तो घाटही २००६ पासून जागतिक वारसा आहे. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. वहीत नाव, बापाचे नाव, वय, गाव, उंची आणि अंगावरची खूण लिहिली जाई. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही काढू लागले. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत.

हे सारे मी एका संध्याकाळी घरी वाचून दाखवत होतो. आमचे गाव पुसदकडच्या डोंगराळ पट्ट्यातले, शेती कोरडवाहू. बाबा आणि आई मिळून एक ‘कोयता’. कितीतरी वर्षे दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन दोघे ऊसतोडीला जात. मी लहान असताना दोन हंगाम त्यांच्याबरोबर होतो. वाढ्यांनी शाकारलेल्या कोपीत झोपायचे, मध्यरात्री गाडी भरायला आली की अंधारात आईबाबा मोळ्या घेऊन फळीवरून चढताना पाहायचे आणि पुन्हा झोपायचे. पुढे शाळेसाठी मला आजीजवळ ठेवले. मार्चअखेरपर्यंत मी एसटीच्या वेळांकडे डोळे लावून असे.

मी वाचत होतो त्यात मॉरिशसच्या ‘डबल कट’ची हकीकत आली. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी ती रीत. बाबा सुपारी कातरता कातरता थांबले.

“म्हंजे खाडाच ना रे तो! आमचा मुकादमबी तसाच धरे. दिवसाची मजुरी तं जायेच, वरून दंड. तुयी आई तापानं फणफणली होती तवा चार खाडे लागले होते.”

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “पाच.”

मग बाबांनी विचारले, “अन् उंची कायले लिवत होते?”

मी म्हणालो, पळून गेला तर ओळखता यावा म्हणून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमचा आंगठाच घेत.” त्यानंतर त्यांनीच ती रंगीत पत्रिका मागून घेतली, ल मॉर्नचे चित्र उजेडाकडे धरून पाहिले आणि कोठे पाय ठेवून चढावे लागेल ते बोटाने दाखवले. मोळी डोक्यावर घेऊन फळी चढलेल्या माणसाचा अंदाज होता तो. मला तो पटला.

करार संपल्यावर पुष्कळ मराठी माणसे तिथेच राहिली. आज त्यांची घरची बोली बहुधा क्रिओल. पण शाळांत मराठी शिकता येते, गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते आणि कोकणातल्या जाखडीची ‘झाकरी’ तिथे अजून नाचतात. वहीत बापाच्या नावाच्या रकान्यात जे पडले तेच पुढे कितीकांचे आडनाव झाले. बाबाजी, भिवाजी अशी आडनावे तिथे भेटतात. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, १९९२ साली प्रजासत्ताक झाला. त्याच्या निशाणाखाली हे बाबाजी-भिवाजी इतर सर्वांबरोबर नागरिक म्हणून उभे आहेत.

जायचे झालेच तर माझा कार्यक्रम ठरलेला आहे. पहिल्या दिवशी आप्रवासी घाटाच्या पायऱ्या, खालून वर. दुसऱ्या दिवशी मोक्याला त्या वह्या, कोणी पाहू दिल्या तर. तिसऱ्या दिवशी पहाटे ल मॉर्न, ऊन चढण्याच्या आत. समुद्राच्या तळावर चालणे शेवटी ठेवले आहे, कारण मला पोहता येत नाही आणि काचेचे शिरस्त्राण घातले तरी धीर किती टिकेल, कोण जाणे. आईचे म्हणणे आहे की पैसे उरलेच तर बाबांनाही न्यावे. त्यांना तिथला ऊस कांड्यांनी कसा असतो ते पाहायचे आहे.