पळसाखालचा किमोनो

फाल्गुनात माहूरच्या डोंगरउतारांवर पळस फुलतो, तेव्हा झाडावर पाने जवळजवळ उरत नाहीत. केशरी फुलेच तेवढी दिसतात. जपानात वसंतात माणसे साकुराच्या झाडांखाली जमतात, तसे पळसाखाली का जमू नये, असे गावातील एका कापड व्यापाऱ्याच्या महाविद्यालयीन नातीच्या मनात आले. ‘डेमन स्लेयर’ या जपानी चित्रमालिकेतील नेझुकोचा वेष करून छायाचित्रे काढायची, असे तिने नांदेडच्या दोन मैत्रिणींसह ठरवले. अशा वेषधारणेला कॉस्प्ले म्हणतात. हा शब्दही १९८० च्या दशकात जपानातच रूढ झाला.

मुंबईहून जुना रेशमी किमोनो भाड्याने आणायचा बेत होता. आजीने एवढेच विचारले, “ही नेझुको कोण गं?”

“राक्षसीण झालेली मुलगी. पण ती माणसाचे रक्त पीत नाही. स्वतःची भूक तिने स्वतःच आवरली आहे.”

“मग तिच्या अंगावर इतक्या किड्यांचे जीव कशाला?”

एका रेशमी किमोनोच्या कापडाला सुमारे तीन हजार कोश लागतात आणि धागा अखंड मिळावा म्हणून कोशातील जीव बाहेर येण्याआधीच उष्णतेने मारला जातो. नातीला हे ठाऊक होते. “पण आजी, तो जुनाच आहे. नवा जीव जाणार नाही,” ती म्हणाली. आजीला हा हिशेब पटला नाही. मागणी वाढली की भाड्याने देणारा आणखी एक मागवतो, हे दुकानदाराच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा नात चिडून म्हणाली, “मग आपल्या दुकानातल्या पैठण्यांचे काय?”

घर शांत झाले. उत्तर कोणीच दिले नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांनीच विषय काढला. किमोनो बेततात कसा, हे त्यांना हवे होते. नातीने सांगितले: ताका सुमारे बारा मीटर लांब, पन्हा छत्तीस ते अडतीस सेंटिमीटर. त्याचे सरळ रेषेत आठ तुकडे होतात: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या पट्ट्यांचे दोन, गळपट्टीचे दोन. गोलाई नाही, म्हणून चिंधी जवळजवळ उरत नाही. उसवून, धुऊन पुन्हा शिवताही येतो. आजोबांचा चेहरा खुलला. चव्वेचाळीस इंची पन्ह्यातून तीन पट्टे निघतात, म्हणजे चार मीटर सुती कापडात काम भागते, असा हिशेब त्यांनी तिथेच मांडला आणि गुलाबी ताका खाली उतरवला.

नेझुकोच्या किमोनोवर ‘आसानोहा’ नावाची ताऱ्यासारखी नक्षी असते. ती झपाट्याने सरळ वाढणाऱ्या रोपाच्या पानावरून आलेली, म्हणून जपानात तान्ह्या बाळांच्या कपड्यांवरही घालत. नातीने जाड कागदाचा साचा कापून ती छापायला घेतली. नेसण्याचा नियम तिने मैत्रिणींना बजावून सांगितला: उजवी बाजू आत, डावी वर, उलटे नेसवतात ते मृत व्यक्तीला. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चित्र उलटे करतो, म्हणून प्रत्येक छायाचित्र तपासायचे ठरले. रेणुकामातेच्या मंदिराच्या आवारात चित्रण करायचे नाही, कारण तिथे माणसे श्रद्धेने येतात. फांदी तोडायची नाही, खाली पडलेली फुलेच वेचायची. पहाटे निघून ऊन चढण्याआधी घरी परतायचे.

रेशमाचा आग्रह नातीने सोडला आहे. आजोबा मात्र लग्नसराईच्या खरेदीची यादी घेऊन बसले आहेत. सुती आणि सिंथेटिक मालाचे आकडे त्यांनी लिहिले. रेशमाच्या रकान्यापाशी पेन थांबले आहे, आणि आजीने अजून त्यांना काही विचारलेले नाही.