लक्ष देऊन पाहण्याची मालिका

मार्च १९८२. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘पोलीस स्क्वॉड!’ ही विनोदी मालिका सुरू झाली आणि सहा भागांतच संपली. वाहिनीने दिलेले कारण वाचून मला हसू आले: म्हणे, ही मालिका लक्ष देऊन पाहावी लागते! पण ते खोटे नव्हते. तिचे कितीतरी विनोद पात्रांच्या पाठीमागे, गुपचूप घडत. कुकरच्या शिट्ट्या मोजत टीव्ही पाहणाऱ्या आमच्यासारख्या घरात ते कोणाला दिसणार? १९८८ साली तेच कर्ते आणि तोच नायक, लेस्ली नील्सन, ‘द नेकेड गन’ घेऊन चित्रपटगृहांत आले. तिथल्या अंधारात पडद्यावाचून पाहण्यासारखे दुसरे काही नसते. १९९१ आणि १९९४ मध्ये आणखी दोन चित्रपट निघाले. मला मात्र ते सहा भागच अधिक आवडतात.